घरपट्टी कमी करणार म्हणता, मग खर्च कोणता कमी करणार?
(सातारा पालिकेच्या २ डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीआधी चार सातारकरांची चर्चा)

यादोगोपाळ पेठेतला करदाता
सातारा पालिकेची निवडणूक २०१६ नंतर थेट आता, २ डिसेंबर २०२५ ला. आमच्या गल्लीत जे जे उमेदवार येऊन गेले, त्यांचं पहिलं वाक्य एकच: घरपट्टी वाढू देणार नाही. दोघांनी शास्ती, म्हणजे उशिरा भरल्याचा दंड, माफ करू म्हटलं. एकानं तर मुंबईसारखी पाचशे चौरस फुटांपर्यंत घरपट्टीच माफ करून टाकली. मी प्रत्येकाला विचारलं, मग खर्च कोणता कमी करणार? एकाकडूनही उत्तर आलं नाही.

कास तलावाचं पाणी उतारानं येतं, पण पालिकेच्या शहापूर योजनेचं पाणी उरमोडी नदीतून पंपानं उचलावं लागतं. ते वीजबिल कुणाला चुकलंय? घंटागाड्या, सोनगावचा कचरा डेपो, दिवाबत्ती, त्यात २०२० ला शहराची हद्द वाढली. पट्टी थोडी वाढली तरी मी भरीन. फक्त माझ्या प्रभागात किती खर्च झाला ते दरवर्षी छापून द्या. हे कबूल करणाऱ्यालाच माझं मत.

शाहूपुरी, नवी हद्द
काका, "थोडी वाढली तरी भरीन" हे पेठेत बसून म्हणणं सोपं आहे. आम्ही २०२० पर्यंत ग्रामपंचायतीत होतो. ग्रामपंचायतीची पट्टी आणि पालिकेची पट्टी यांत किती फरक असतो, ते हद्दीबाहेरून आत आलेल्यालाच कळतं. आमच्याकडे पाणी कण्हेर योजनेचं. शहापूरच्या वीजबिलाचं कारण सांगून आमची घरपट्टी का वाढवायची? माझे सासरे पेन्शनवर आहेत, त्यांच्या हिशेबात हजार रुपयेसुद्धा मोठे असतात. गटार, रस्ता, दिवा आधी, पट्टी मग. दर गोठवतो म्हणणारा उमेदवार मला चुकीचा वाटत नाही.

निवृत्त लेखापाल
मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पालिकेत हिशेब सांभाळले, म्हणून दोन शब्द. ताईंचा पाण्याचा मुद्दा बरोबर आहे. पंपाचं बिल पाणीपट्टीतून भागायला हवं, ते घरपट्टीवर टाकू नये.

पण दर गोठवण्याचं काय? १९९९ ला नगरपालिकांची जकात गेली. त्याबदली सरकारकडून येणारं अनुदान बरंचसं पगारातच जातं. हक्काची म्हणावी अशी मोठी बाब घरपट्टीच उरली. शिवाय केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानाला अट घातली: राज्यानं घरपट्टीचा किमान दर ठरवायचा आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या वेगानं वाढत राहिली पाहिजे. म्हणजे इथं पट्टी थांबवली की तिकडून येणारा पैसाही अडू शकतो. आणि बिलातला शिक्षण कर पालिका नुसता गोळा करते, तो सरकारजमा होतो. तो कमी करू म्हणणाऱ्या उमेदवारानं आधी बिल वाचावं.

मुंबईचं उदाहरण देऊच नका. तिथं २०२२ ला राज्य सरकारनं कायदा बदलून माफी दिली, आणि त्या महापालिकेकडे हजारो कोटींच्या ठेवी होत्या. आपल्या नगराध्यक्षाच्या हातात ती माफी नाही.

मोती चौकातला दुकानदार
साहेब, वित्त आयोगाची अट वसुली वाढवा म्हणते, दर वाढवा असं कुठं म्हणते? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरापेक्षा दुकानाला जास्त आकारणी, ती मी मार्चच्या आत भरतो. जो भरत नाही त्याला महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. आता निवडणूक आली की तीच माफ करणार! मग वेळेवर भरणाऱ्यानं काय पाप केलं? आधी थकबाकीदारांची यादी चौकात लावा, मोठ्या थकबाकीपासून सुरुवात करा. तो पैसा तिजोरीत आल्यावर दर वाढवायचा का ते बोलू.

खर्चाचंही बोलतो. चांगले पेव्हर उखडून नवे बसवणं, कमानी, चौक सुशोभीकरण, हे पाच वर्षं बंद ठेवा. यावर मात्र एकही उमेदवार तोंड उघडत नाही, कारण उद्घाटनाचा फोटो त्यातच मिळतो.

यादोगोपाळ पेठेतला करदाता
पाण्याचा हिशेब मी घरपट्टीत घुसडला, ती माझी चूक. पण दुकानदारदादा, थकबाकी एकदाच वसूल होते, घंटागाडीचं डिझेल रोज लागतं. थकबाकीच्या भरवशावर पट्टीचे दर पाच वर्षं गोठवले, तर नंतर एकदम जी वाढ येईल ती शाहूपुरीच्या सासऱ्यांनाच जास्त लागेल. दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी असतेच. ती टाळण्यापेक्षा हरकती नीट ऐका, सुनावणी लोकांना जमेल अशा वेळी ठेवा.

शाहूपुरी, नवी हद्द
सुनावणीचं पटलं. दर वाढवायचं अजूनही नाही पटलं. उद्या संध्याकाळी आमच्या कॉलनीत उमेदवार येणार आहेत. नव्या हद्दीतून जमा होणाऱ्या घरपट्टीतला किती हिस्सा नव्या हद्दीतच खर्च करणार, तो आकडा मी त्यांच्याकडून वहीत लिहून सहीनिशी मागणार आहे. आकडा नाही दिला, तर आमच्या घरातली चारही मतं त्यांना नाहीत.