लॉगमध्ये काय सापडलं? घरच्या लिनक्सचे आणि सर्व्हरचे अनुभव

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे कपाटावर ठेवलेला एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर डेबियन १२ हे लिनक्स आहे, आणि घरातले वीस वर्षांचे फोटो व आईच्या आवाजातल्या ओव्या त्यात ठेवल्या आहेत. बाहेरगावाहून पोचता यावं म्हणून राउटरवर एसएसएचचं (दुरून संगणकात शिरायच्या सोयीचं) २२ नंबरचं पोर्ट, म्हणजे दार, उघडलं होतं. वर्षभराने एकदा नोंदी वाचायला बसलो. आत यायच्या प्रयत्नांची नोंद ठेवणारी ऑथ डॉट लॉग फाइल सापडेना. डेबियन १२ मध्ये ती आपोआप बनत नाही, नोंदी जर्नलमध्ये जातात, हे त्या दिवशी कळलं. 'जर्नलसीटीएल -यू एसएसएच' दिलं आणि ओळी धावायला लागल्या. कुणी रूट म्हणून येऊ पाहतंय, कुणी अ‍ॅडमिन, कुणी पोस्टग्रेस. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पूर्वी आपोआप मिळणारं 'पाय' हे नावसुद्धा कुणीतरी लावून पाहत होतं. एप्रिल २०२२ पासून ते नाव नव्या सिस्टिममध्ये येत नाही, तरी दार ठोठावणं चालूच आहे.

आत कुणी आलं नव्हतं. पण आईच्या ओव्या आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये आठ अक्षरांचा एक पासवर्ड तेवढा होता. त्याच रात्री एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी गुप्त फाइल) बनवली आणि पासवर्डने आत येणं बंद केलं.

तुमचे अनुभव हवे आहेत. काय दिसलं, आधी काय वाटलं, खरं कारण काय निघालं आणि ते कशावरून कळलं, एवढं जरूर लिहा.

■ पुण्याहून, भाड्याच्या छोट्या सर्व्हरबद्दल

पासवर्ड बंद केलात ते चांगलं, पण तो खरंच बंद झाला का ते पाहिलंत का? मी माझ्या उबंटू सर्व्हरवर मुख्य फाइलमध्ये 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' लिहिलं, सेवा रीस्टार्ट केली आणि सहा महिने निश्चिंत राहिले. एकदा मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून आत जायचं होतं, तिथे की नव्हती, आणि समोर पासवर्ड विचारला गेला! मुख्य फाइल दोनदा तपासली, ओळ जागेवर होती.

झालं असं की मुख्य फाइलच्या वरच्याच भागात 'एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी' या फोल्डरमधल्या फाइली आत घेतल्या जातात. तिथे क्लाउड-इनिटने (भाड्याचा सर्व्हर पहिल्यांदा उभारणाऱ्या प्रोग्रामने) ठेवलेल्या ५० क्रमांकाच्या फाइलमध्ये 'यस' होतं. एसएसएच सर्व्हर आधी भेटलेली किंमत धरतो, नंतरची सोडून देतो. त्यामुळे माझी ओळ वाचली जात होती, पण तिला अर्थच उरला नव्हता. 'सुडो एसएसएचडी -टी' (यातला टी मोठ्या लिपीतला) दिलं की सर्व्हर खरोखर कोणत्या किमती मानतोय ते छापून येतं. आता फाइलवर विश्वास ठेवत नाही, त्या छापलेल्या यादीवर ठेवते.

■ ठाण्याहून

माझा अनुभव लांब आहे, कारण आठवडा गेला होता.

भाड्याच्या सर्व्हरवर वाचनालयाची यादी ठेवणारं एक छोटं अ‍ॅप चालवतो. एक दिवस पान उघडायला मिनिटभर लागायला लागलं. काय काय चालू आहे ते दाखवणारं 'टॉप' लावलं तर 'केडेव्हटीएमपीएफएसआय' नावाचा प्रोसेस (चालू प्रोग्राम) सगळा सीपीयू खात होता. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, स्वतःचा 'केडेव्हटीएमपीएफएस' नावाचा प्रोसेस असतो, त्यामुळे नजर त्यावरून घसरली. शेवटचं 'आय' हे अक्षर जास्तीचं आहे हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तो दुसऱ्याच्या खिशासाठी आभासी चलन खणत होता. मारला की थोड्या वेळात पुन्हा हजर, कारण 'किनसिंग' नावाचा आणखी एक प्रोसेस त्याला उठवत होता.

आधी वाटलं एसएसएच फुटलं. पण तिथे फक्त की चालत होत्या आणि नोंदींत अनोळखी प्रवेश एकही नव्हता. मग 'सिस्टमसीटीएल स्टेटस'ला त्या प्रोसेसचा क्रमांक दिला. हे फार कामाचं आहे: प्रोसेस कोणत्या सेवेच्या पोटात आहे ते यातून दिसतं. माझा डॉकरच्या एका कंटेनरच्या पोटात होता (डॉकर प्रोग्रामांना वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवतो), आणि तो कंटेनर रेडिस या डेटाबेसचा होता.

पण यूएफडब्ल्यू फायरवॉल तर चालू होती! 'स्टेटस'मध्ये २२ आणि ४४३ एवढीच दोन पोर्ट उघडी दिसत होती. इथेच गोम होती. कंटेनर चालवताना रेडिसच्या पोर्टसाठी '६३७९:६३७९' असं लिहिलं की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या पॅकेट गाळणाऱ्या नियमांत) स्वतःचे नियम घालतो, आणि बाहेरून आलेलं पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचायच्या आधीच कंटेनरकडे वळतं. यूएफडब्ल्यू खोटं बोलत नव्हतं, त्याला विचारलंच जात नव्हतं. त्यात रेडिसच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये (ज्यातून कंटेनर बनतो त्या साच्यात) बाहेरच्यांना अडवणारा संरक्षित मोड बंद असतो, आणि पासवर्ड मी ठेवला नव्हता. सहा-तीन-सात-नऊ जगाला सताड उघडं.

सर्व्हर साफ करत बसलो नाही. एकदा कुणी आत फिरून गेल्यावर कुठे काय ठेवलंय ते मी शोधू शकेन असं मला वाटत नाही. पुसून नवा उभारला, यादी बॅकअपमधून आणली. आता पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहितो, म्हणजे ते फक्त आतल्या आत ऐकतं. आणि दर वेळी मोबाइलच्या इंटरनेटवरून एनमॅप (कोणती पोर्ट उघडी आहेत ते दाखवणारा प्रोग्राम) लावून बाहेरून पाहतो. सर्व्हरच्या आत बसून त्याचं दार बंद आहे की नाही ते कळत नाही.

■ नाशिक जिल्ह्यातून, शाळेच्या संगणक खोलीतून

आमच्याकडे आठ जुने संगणक आहेत, सगळ्यांवर लिनक्स मिंट. लाईट वारंवार जाते. एक संगणक दर आठवड्याला सुरू होतानाच थांबायचा आणि काळ्या पडद्यावर 'इनिटरॅमएफएस' असं दिसायचं. डिस्कवरची मांडणी तपासून दुरुस्त करणारी 'एफएससीके -वाय' ही आज्ञा आणि पुढे डिस्कच्या भागाचं नाव दिलं की दुरुस्त होऊन चालू व्हायचा. मुलांनाही ते पाठ झालं होतं.

दोष लाईटचा, हे आम्ही धरूनच चाललो. मग सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, लाईट तर सगळ्यांचीच जाते. मग हाच का बिघडतो?" मी 'डीमेसेज' (कर्नलच्या नोंदी) वाचलं, त्यात आय/ओ एररच्या, म्हणजे डिस्क वाचता-लिहिता न आल्याच्या, ओळी होत्या. डिस्कची तब्येत सांगणारं 'स्मार्टसीटीएल -ए' लावलं. खराब म्हणून बदललेल्या सेक्टरांचा आकडा मोठा होता, आणि दोन दिवसांनी तो आणखी वाढला. डिस्क मरत होती. एफएससीके चालवून आम्ही फक्त वेळ पुढे ढकलत होतो. नवी एसएसडी बसवली, तो त्रास गेला. त्या मुलीचा प्रश्न मी आता दर वेळी स्वतःला विचारतो.

■ कोल्हापूरहून

छोटीच गोष्ट. एकाच संगणकावर विंडोज आणि उबंटू. उबंटू वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे. मदरबोर्डचा सेल दोनदा बदलला. साडेपाच हाच आकडा का, हे मनात यायला हवं होतं: लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक धरतं. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं, मिटलं.

■ गोव्याहून, मुद्रितशोधनाचं काम करते

सर्व्हरचं नाही, पण चालेल ना? नवं लिनक्स टाकल्यावर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसायला लागले. दिवसभर मराठी वाचायचं असेल तर डोळ्यांना ते सतत खुपतं. 'एफसी-मॅच :लँग=एमआर' दिलं की मराठीसाठी सिस्टिमने कोणता फॉन्ट निवडलाय ते सांगते. डेबियनमध्ये लोहित या फॉन्टचं मराठीसाठी वेगळं पॅकेज आहे, ते टाकलं आणि आपली अक्षरं परत आली.

■ नागपूरहून

२०२४ च्या मार्चमध्ये मी डेबियन टेस्टिंग (डेबियनची अजून चाचणीत असलेली आवृत्ती) वापरत होतो. २९ तारखेला बातमी आली की एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, कुणीतरी चोरवाट पेरली आहे आणि ती एसएसएचपर्यंत पोचते. आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली ती लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून. माझ्या मशीनवर आवृत्ती पाहिली: ५.६.१. पोटात गोळा आला. एसएसएच सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडा नव्हता, तरी सिस्टिम पुन्हा टाकली आणि सगळ्या की बदलल्या. अर्धा सेकंद जास्त लागला म्हणून त्याच्या मागे जाणारा माणूस होता, याबद्दल मला आजही मनापासून कृतज्ञता वाटते.

■ जर्मनीहून

माझा छोटा सर्व्हर सांगलीला आईबाबांच्या घरी आहे. इथूनच यूएफडब्ल्यू चालू केलं, एसएसएचला परवानगी द्यायची राहिली. चालू सत्र तुटलं नाही, म्हणून सगळं ठीक वाटलं आणि मी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी आत जाता येईना.

बाबांना फोन केला. त्यांनी टीव्हीला सर्व्हर जोडला, कीबोर्ड लावला. "अगं, पासवर्ड टाकतोय पण काहीच उमटत नाही." उमटत नाही बाबा, तसंच टाका आणि एंटर दाबा. मग एकेक अक्षर: सुडो, मोकळी जागा, यूएफडब्ल्यू, मोकळी जागा, डिसेबल. बाबांनी पुढची ओळ सावकाश वाचून दाखवली, आणि इकडे मी आत गेले.

आता फायरवॉलला हात लावण्याआधी 'अ‍ॅट'ने दहा मिनिटांनी ती बंद व्हावी अशी कामगिरी लावते, आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत जाता आलं तरच ती रद्द करते. बाबांनी ती ओळ कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहे.

■ धागाकर्ता

ठाणेकर, तुमचं वाचून काल मोबाइलच्या इंटरनेटवरून एनमॅप लावलं. २२ अपेक्षितच होतं. पण ८०८० सुद्धा उघडं निघालं: दोन वर्षांपूर्वी फोटोंचं एक अ‍ॅप करून पाहिलं होतं, त्यासाठी राउटरवर केलेली नोंद तशीच राहिली होती. काढली. आमच्या ब्रॉडबँडवर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) पण आहे, आणि त्यात राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगचा आडोसा नसतो. आज रात्री त्या पत्त्यावर बाहेरून पाहतो आणि इथेच लिहितो.