अर्जुनसाल, हळद आणि उंदराचं हृदय

प्रयोगवही
फार्मसी कॉलेजांमध्ये वर्षानुवर्षं एक ठरलेला प्रयोग चालतो. उंदरांना तीन-चार आठवडे एखाद्या वनस्पतीचा अर्क पाजायचा, शेवटचे दोन दिवस आयसोप्रोटेरिनॉल हे औषध टोचून हृदयाला इजा करायची आणि मग रक्तातलं सीके-एमबी, एलडीएच (दुखावलेल्या स्नायूतून रक्तात उतरणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स) मोजायचं. अर्कवाल्या उंदरांत इजा कमी दिसते, पेपर छापून येतो आणि वर्षभरात त्याच पानाची कॅप्सूल 'हृदयरक्षक अँटिऑक्सिडंट' म्हणून बाजारात दिसते. अर्जुन घ्या, आवळा घ्या, डाळिंबाची साल घ्या, उत्तर ठरलेलं.

माझा आक्षेप क्रमाला आहे. उंदराला औषध आधी मिळतं, झटका नंतर येतो. माणसाचं उलटं असतं. बंद पडलेली धमनी अँजिओप्लास्टीने उघडली की रक्ताबरोबर प्राणवायू परत येतो, आणि पहिल्या काही मिनिटांतच पेशींच्या मायटोकॉन्ड्रियामधून फ्री रॅडिकल्सचा (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंचा, ज्यांना अँटिऑक्सिडंट निष्प्रभ करतं म्हणतात) लोंढा सुटतो, वर कॅल्शियम साचतं. ही रिपरफ्यूजनची इजा. ती होऊन गेल्यावर काढा पाजून काय उपयोग? बरं, नेमक्या त्याच वेळी, अँजिओप्लास्टी चालू असताना, सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे फ्री रॅडिकल्स निष्प्रभ करणारं विकर थेट शिरेतून देऊन पाहिलं गेलं आहे. १९९४ साली निकाल छापला गेला, हृदयाच्या कामात फरक नव्हता. गोळ्यांचं तेच. ब्रिटनच्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ जणांना पाच वर्षं ई आणि क ही जीवनसत्त्वं आणि बीटा-कॅरोटिन किंवा नुसती खोटी गोळी दिली, हृदयविकारात काही फरक पडला नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिन दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला.

अजून किती पुरावा हवा?

शेवगा
जीवनसत्त्वांच्या गोळ्या फसल्या म्हणून वनस्पती फसल्या, हा कुठला न्याय? तुम्ही पाच वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यात. हळदीतलं कर्क्युमिन किंवा कोकोतली फ्लॅव्हनॉल्स फ्री रॅडिकल्स 'खातात' हे जुनं चित्र झालं. रक्तात त्यांचं प्रमाण इतकं नगण्य असतं की तेवढ्याने काही खाल्लं जाणार नाही. ती पेशीला किंचित डिवचतात आणि एनआरएफ-२ नावाच्या यंत्रणेमार्फत पेशी स्वतःची संरक्षक विकरं वाढवते. याला वेळ लागतो, म्हणूनच अर्क आधीपासून द्यावा लागतो. तुम्ही ज्याला खोट म्हणताय तीच तर कामाची पद्धत आहे.

शिवाय अमेरिकेतली कॉसमॉस चाचणी बघा. २१,००० हून अधिक लोक, रोज ५०० मिग्रॅ कोको फ्लॅव्हनॉल्स, हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी.

प्रयोगवही
@शेवगा, २७ टक्के हा दुय्यम निकष होता. मुख्य निकष म्हणजे एकूण हृदयरोगाच्या घटना. त्यात १० टक्के घट दिसली, ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. आणि पैसा अंशतः चॉकलेटवाल्या मार्सचा होता, हेही लिहायचं की.

ओटीतला_कोपरा
दोघेही हार्ट अटॅकवर अडकून बसला आहात. इजा कधी होणार हे आधीपासून माहीत असतं असे रुग्ण आमच्याकडे रोज येतात. बायपासची तारीख ठरलेली असते. हृदय थांबवायचं, परत चालू करायचं, म्हणजे रिपरफ्यूजन घड्याळ लावून होतं. केमोचंही तसंच: डॉक्सोरुबिसिनने हृदयाचे स्नायू दुखावतात हे पहिल्या डोसच्या आधीच माहीत असतं. तिथे उंदराचा क्रम माणसाला जसाच्या तसा लागू पडतो.

थायलंडमध्ये चिआंग माईला हेच करून पाहिलं. १२१ बायपास रुग्ण, शस्त्रक्रियेच्या आधी तीन दिवस आणि नंतर पाच दिवस रोज ४ ग्रॅम कर्क्युमिनॉइड्स (कर्क्युमिन आणि हळदीतली तशीच द्रव्यं). रुग्णालयात असताना हृदयस्नायूला इजा खोट्या गोळीच्या गटात ३० टक्क्यांना, हळदीच्या गटात १३.१ टक्क्यांना. निकाल २०१२ चा. हा आकडा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पण १२१ माणसं, एकच केंद्र. याची पाच-दहा हजार रुग्णांवर चाचणी व्हायला हवी. हळदीचं पेटंट कोणाला मिळणार नाही, मग खर्च कोण करणार?

ककुभ
वैद्यकी करतो म्हणून लिहितो. चक्रदत्त या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात हृद्रोगावर अर्जुनाच्या सालीचं चूर्ण तुपाबरोबर, दुधाबरोबर किंवा गुळाच्या पाण्याबरोबर सांगितलं आहे. तिथे अँटिऑक्सिडंट कुठे आलं? ते लेबल बाजाराने चिकटवलं आणि आता ते फसलं म्हणून शिव्या अर्जुनाला.

१९९५ साली इंदूरमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या १२ रुग्णांना अर्जुनाने बरं वाटल्याचं नोंदलं गेलं आहे. त्याचं काय?

बाभूळकाटा
वैद्यबुवा, पुढचं पानही उलटा ना. दिल्लीच्या एम्सच्या गटाने १०० रुग्णांवर सालीच्या प्रमाणित अर्काची नीट डबल-ब्लाइंड चाचणी (कोणाला औषध, कोणाला खोटी गोळी हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही) केली, २०१६ ला छापली. हृदयाची पंप करण्याची क्षमता सुधारली नाही.

आणि या सगळ्या क्षेत्राकडे संशयाने बघायला कारण आहे. रेड वाइनमधल्या रेस्वेराट्रॉलने हृदय वाचतं असं ठासून सांगणारे कनेक्टिकट विद्यापीठाचे दीपक दास. विद्यापीठाच्याच चौकशीत त्यांच्या कामात बनावटगिरीचे १४५ प्रकार निघाले, २०१२ मध्ये ते जाहीर झालं.

शेवगा
एका माणसाच्या खोटेपणावरून अख्खं क्षेत्र बाद? मग भूलशास्त्रही बंद करा, तिथेही असली प्रकरणं झाली आहेत.

पुणेरी_लेक
मध्येच विचारते, राग नको. बाबांना स्टेंट घातलाय, क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन चालू आहे. सोसायटीतल्या एका काकांनी हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल आणून दिल्यात, 'नैसर्गिक आहे, घ्या बिनधास्त' म्हणून. द्याव्यात का?

ओटीतला_कोपरा
ताई, कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय देऊ नका. वरणातली चिमूटभर हळद वेगळी, तिच्यात कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के. कॅप्सूलमध्ये ते अर्क काढून भरलेलं असतं आणि मिऱ्यातलं पायपरिन शोषण वाढवतं. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांवर आणखी भर नको. इटली आणि अमेरिकेत अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदले गेले आहेत. आणि काकांचा शब्द राखायचा म्हणून स्टेंटच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका.

प्रयोगवही
@ओटीतला_कोपरा, बायपासचा मुद्दा मान्य. 'ठरलेल्या वेळी होणारी इजा' एवढ्यापुरतं संशोधन व्हावं, हरकत नाही. पण डब्यावर ते कुठे लिहिलंय? 'शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी, रुग्णालयातच' असं छापा, मी सही करतो.

ककुभ
@बाभूळकाटा, एम्सने पाण्यातला अर्क दिला. दुधात आटवलेला क्षीरपाक दिलाच नाही. त्याची चाचणी झाली की मग बोलू.

बाभूळकाटा
दुधातली करा, तुपातली करा, गुळातली करा. फक्त निकाल लागेपर्यंत डबा विकू नका.