रॉकच्या प्रत्येक प्रकाराचा एकच अल्बम कुठला?

म्हापसा_ड्रमर: ग्रुपमध्ये वाद चाललाय, मेटल, प्रोग (म्हणजे प्रोग्रेसिव्ह), पंक, ग्रंज, प्रत्येकाचा एकच अल्बम निवडायचा, खप बघून नाही, ऐकल्यावर तो प्रकार कळला पाहिजे. मेटलला मी ब्लॅक सॅबथचा 'पॅरानॉइड' धरलाय.

फोंड्याचो_बेसिस्ट: पॅरानॉइड कशाला रे, त्याच १९७० सालचा त्यांचा पहिला अल्बम घे ना. आधी पाऊस, घंटा आणि मग ते तीन सुरांचं भेसूर रिफ, जुलैत लाइट गेल्यावर लाव म्हणजे कळेल. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात तुटलेली, म्हणून हलक्या तारा लावायचा, तरी आवाज बघ केवढा जड!

मांडवीपार: प्रोगला किंग क्रिमसनचा पहिला, १९६९, वादच नाही. पंकला रामोन्स, १९७६, अर्ध्या तासात खेळ खलास. ग्रंजला सगळे निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' म्हणणार पण त्याचं मिक्सिंग फारच गुळगुळीत आहे, त्यापेक्षा मडहनीचं 'सुपरफझ बिगमफ' ऐका, १९८८.

म्हापसा_ड्रमर: ती ईपी आहे, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, चालणार नाय हां. आणि आपल्या गोव्याच्या रेमो फर्नांडिसचा 'गोवन क्रेझी' कुठल्या खणात घालू?

फोंड्याचो_बेसिस्ट: १९८४ ला घरी रेकॉर्ड केलेला, घाल इंडीत, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतः काढलेल्यांत. पण मेटलचं आधी बदल.