वेरूळच्या लेण्यात गोल्डन रेशो खरंच आहे का? (प्रोजेक्टसाठी मदत पाहिजे)

बी_आर्क_संभाजीनगर: सेकंड इयरला आहे. प्रोजेक्टचा विषय निसर्गातले आकार आणि भूमिती, शेवटी एक शिल्प डिझाइन करायचंय. यूट्यूबवर जो तो कैलास लेण्याच्या फोटोवर शंखाचा स्पायरल चिकटवून गोल्डन रेशो (साधारण १.६१८ ला १ हे प्रमाण) दाखवायलाय. मी बी प्रिंट काढून लावून बघितला, तर कुठूनबी सुरू केला की कुठंतरी बसतोच! मग हे खरं कसं धरायचं?

निलंगेकर: नको धरू. ज्या नॉटिलस शंखाचा फोटो टाकतात ना, त्याचा स्पायरलच गोल्डन नाही. एका फेऱ्यात तो साधारण तिप्पट मोठा होतो, गोल्डनवाला पावणेसात पटीच्या आसपास. मोजून बघतंय कोण.

आमच्या निलंग्याचं नीळकंठेश्वर मंदिर बघ, प्लॅन चांदणीसारखा कोनाकोनांचा. असला प्लॅन काढायला खुंटी अन् दोरी पुरते. वर्तुळ काढायचं, त्यात चौकोन, मग तोच चौकोन मधल्या खुंटीभोवती फिरवायचा. दोन चौकोनांत ८ कोन, तीन घेऊन ३०-३० अंशांनी फिरवले की १२. शिखराच्या टोकाला खाचांची दगडी चकती असते ना, आमलक, त्याचं बी तेच, आकार आवळ्याचा पण खाचा पाडायच्या तर वर्तुळाचे सारखे भाग करावेच लागतात, तिथं नुसतं आवळ्याकडं बघून भागत नाही.

दगडमाती: वेरूळचं १० नंबरचं लेणं सोडू नको. छताला ज्या फासळ्या दिसतात त्या बघून लोक म्हणतात प्राण्याचा सांगाडा, पण ती लाकडी छताच्या वाशांची नक्कल आहे, दगडात त्यांची काही गरज नव्हती, वजन पेलायला डोंगर होताच की. म्हणजे दिसायला निसर्ग आणि आतून सुतारकाम. याच्या उलट गौदी, स्पेनचा आर्किटेक्ट. त्यानं दोऱ्या टांगल्या, त्यांना छर्ऱ्यांच्या पिशव्या बांधल्या, दोऱ्यांना वजनानं जो बाक आला तो उलटा करून कमानींचा आकार ठरवला. तिथं नक्कल नाही, वजन कसं वाहतं तेच आकार ठरवतं. मला विचारशील तर प्रोजेक्टमध्ये हे दोन शेजारी शेजारी ठेव, बाकी शंखबिंख राहू दे.

बी_आर्क_संभाजीनगर: भारी! पण मग सूर्यफुलाचं काय, ते पण खोटंच का?

निलंगेकर: नाय नाय, ते खरंय. प्रत्येक नवीन बी आधीच्यापासून साधारण १३७.५ अंशांवर येतं, हा कोन गोल्डन रेशोतूनच निघतो, म्हणून मधे फट राहत नाही. कागदावर करून बघ, दर ठिपक्याला तेवढा कोन फिरव, मधल्या बिंदूपासूनचं अंतर ठिपक्याच्या नंबरच्या वर्गमुळाएवढं धर, फूल आपोआप उमटतं. अन् कोन १३७ केलास तरी कडेला फटी दिसायला लागतात. शिल्प याचंच कर की.

परभणीचा_पोऱ्या: वेरूळ झालं की सेलू तालुक्यात वालूरची बारव पण बघून घे. पायऱ्या गोल फिरत खाली जातात, असली बारव सहसा दिसत नाही. जाताना मोठा टेप ने अन् सोबत कुणीतरी पाहिजेच, एकट्याला माप घेता येत नाही तिथं.

बी_आर्क_संभाजीनगर: सेलूहून वालूरला एसटी आहे का?