परदेशातून पैसा येतो, पण गाव सुधारतं का?

लालबागचा_चाकरमानी:
रिझर्व्ह बँकेची २०२३-२४ ची पाहणी सांगते, परदेशातून देशात आलेल्या पैशात महाराष्ट्र पहिला, २०.५ टक्के. केरळ १९.७. बरं, पुढे? आमच्या दापोलीकडच्या गावात आखाती पैशातून चार बंगले उठलेत. मे महिन्यात एक उघडला तेव्हा मी आत गेलो होतो. सोफ्यावरचं प्लास्टिक तसंच, सागवानी चौकटीला वाळवी. बाहेर पाखाडी (गावची दगडी पायवाट) मात्र तीन पावसाळे ढासळलेली. गुंठ्याचा भाव इतका चढलाय की गावात राहणाऱ्यालाच जमीन परवडेना. हे आपण आधी पाहिलंय. गिरणगावातून वर्षानुवर्षं मनीऑर्डरी गेल्या, १९८२ च्या संपात आटल्या, आणि मागे गावात धंदा म्हणावा असं काही उरलं नाही.

खाडीपट्टा:
उरलं कसं नाही? शिकलेली पोरं उरली की. आमचे अब्बा कुवेतला फोरमन. १९९० साली सद्दामचं सैन्य घुसलं तेव्हा अम्मानमार्गे मुंबईत उतरले, हातात एक पिशवी. दोन वर्षांनी परत गेले, कारण आम्ही तिघी बहिणी शिकत होतो. त्या दिनारांवर एक नर्स, एक शिक्षिका आणि मी फार्मसिस्ट झाले. बंद बंगला रस्त्यावरून दिसतो, डिग्री दिसत नाही. आणि पाखाडी बांधणं ग्रामपंचायतीचं काम, की तेही अब्बांनी ओव्हरटाइममधून करायचं?

कटिंग_चहा:
एका घराचा हिशेब देशाला लागत नाही हो. नेपाळमध्ये असा पैसा जीडीपीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा, ताजिकिस्तानात जवळपास निम्मा. तरणी पोरं बाहेर, त्यांनी धाडलेला पैसा आयात मालावर पुन्हा बाहेर. सरकारला मग कारखान्यांची घाई कशाला?

साष्टीकर:
मजूर आणि इंजिनियर एका मापाने मोजू नका. मजूर पै न पै घरी धाडतो. इंजिनियर सरकारी कॉलेजात आपल्या करावर शिकतो आणि बायकापोरांसकट जातो. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींनी (मुंबईचेच) सत्तरच्या दशकात सुचवलं होतं, अशांच्या तिकडच्या कमाईवर कर लावून तो मायदेशी वळवा. भारताने तो कधी लावला नाही.

खाडीपट्टा:
रिझर्व्ह बँकेच्या त्याच पाहणीत, पैसा ज्या देशांतून येतो त्यांत अमेरिका पहिली आहे, २७.७ टक्के. अमिराती १९.२. म्हणजे इंजिनियरही धाडतोच.

लालबागचा_चाकरमानी:
डिग्रीचा मुद्दा मान्य, ताई. पण तुम्हा तिघींपैकी गावात कोण आहे?

खाडीपट्टा:
कुणीच नाही. मी कुर्ल्याला, मधली पनवेलला, नर्स झालेली मोठी मस्कतला. अब्बाही माझ्याकडेच असतात, गावच्या घराची किल्ली शेजारच्या खालाकडे. त्या खालाच्या नातीची नर्सिंगची फी आता मोठी भरते. आणि हो, वाळवी आमच्याही चौकटीला लागलीय.