ग्रीन रेटिंगचा नवा फ्लॅट घ्यावा की जुन्या कॉन्डोमिनियममधला?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी, सध्या वारज्यात भाड्याने राहतो. कर्ज मंजूर झालंय आणि दोन घरांपाशी येऊन अडलोय. एक म्हाळुंग्यात एकविसाव्या मजल्यावर, ताबा पुढच्या वर्षी. ग्रीन बिल्डिंगचं रेटिंग आहे, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट), सोलर, पावसाचं पाणी जिरवणं सगळं ब्रोशरमध्ये छापलंय. दुसरं कोथरूडला, २००८ सालची इमारत, तिसरा मजला, एकूण सोळा फ्लॅट. तिथे सोसायटी नाही, ‘अपार्टमेंट कॉन्डोमिनियम’ आहे. हे नऊ लाखांनी स्वस्त पडतं, पण मोठ्या बेडरूमची भिंत पश्चिमेला आहे.
वीज-पाणी कमी लागेल असं घर हवंय, मनापासून हवंय. त्यासाठी रेटिंग बघून नऊ लाख जास्त मोजावेत का? आणि कॉन्डोमिनियममध्ये नेमकं काय तपासायचं?

गच्चीतली तुळस:
रानजाई, मी कोथरूडलाच बावीस फ्लॅटच्या कॉन्डोमिनियममध्ये २००४ पासून राहते. सहा वर्षं सेक्रेटरी होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोसायटीत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होते, आपण सभासद असतो. कॉन्डोमिनियम १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली येतं. फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा, आणि जमीन, जिना, गच्ची यांत तुमचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत ठरलेला. मेंटेनन्सही त्याच टक्क्याने, त्यामुळे मोठ्या फ्लॅटला जास्त. हे टक्के नोंदणी झालेल्या डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीत काय कुणाचं हे सांगणाऱ्या मूळ दस्तात, असतात आणि सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. विकणाऱ्याकडे स्वतःचं डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅट त्यांच्या नावावर करणारा दस्त, आहे का, हे पहिल्यांदा विचारा. बरेच जण बिल्डरशी केलेल्या करारनाम्यावरच वर्षानुवर्षं राहतात आणि विकायच्या वेळी धावपळ होते.

आता सोलरचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. आम्हाला लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी १० किलोवॉटचं सोलर बसवायचं होतं. त्याला हजारेक चौरस फूट मोकळी, ऊन लागणारी गच्ची लागते. गच्ची सगळ्यांची, असं आम्ही धरून चाललो होतो. डिक्लरेशन काढून वाचलं, तर टाकीच्या दक्षिणेची अर्धी गच्ची वरच्या दोन फ्लॅटना ‘मर्यादित सामाईक जागा’ म्हणून, म्हणजे फक्त त्यांच्याच वापरासाठी, जोडलेली! उरलेल्या भागावर टाकीची सावली. एक मालक लगेच तयार झाले. दुसरे परदेशात, आणि त्यांना गच्चीवरची बाग सोडायची नव्हती. अडीच वर्षं गेली. शेवटी आठ फूट उंच सांगाडा करून वर पॅनल आणि खाली त्यांची बाग, अशी लेखी परवानगी झाली. आज वर्षाच्या सरासरीने दिवसाला चाळीस युनिट वीज होते. सामाईक मीटरचं चौदा हजारांचं बिल तीन हजारांच्या आसपास आलंय. त्या अडीच वर्षांत वाया गेलेल्या उन्हाची मात्र मला अजून हळहळ वाटते.

तेव्हा डिक्लरेशनमधलं गच्ची, पार्किंग आणि बोअरवेलचं पान वाचल्याशिवाय टोकन देऊ नका. गच्ची खरोखर सामाईक असेल, तर जुन्या इमारतीतही सोलर होतं. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे.

पश्चिमेच्या भिंतीसाठी एकदा रात्री आठ वाजता ते घर बघायला जा आणि भिंतीला आतून तळहात लावा. दिवसभर तापलेली वीट तेव्हा उष्णता आत सोडत असते. उपाय बाहेरून करायचा, म्हणजे फिकट रंग, खिडकीवर छज्जा, बांबूचा पडदा. आतल्या पडद्याने ऊन अडतं, पण तोवर ते काचेतून आत आलेलं असतं. बाहेरची भिंत सामाईक असल्यामुळे परवानगी घ्यावी लागेल.

पंपघर:
मी एसटीपी चालवण्याची कामं घेतो. म्हाळुंग्यातल्या त्याच प्रकल्पाची आधीची इमारत राहती असेल, तर तिथे जा. एसटीपीला वेगळा मीटर आहे का आणि मागच्या वर्षभराचं त्याचं बिल किती आलं, ते विचारा. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला की सांडपाणी साफ करणाऱ्या जिवाणूंना हवा मिळत नाही, ते मरतात आणि वास सुटतो. वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला वेगळ्या पाइपाने जातं का, तेही बघा. शिवाय वर्षभराची टँकरची बिलं मागा. पाणी खरंच पुन्हा वापरलं जातं की नाही, ते त्या बिलांवरून कळतं.
ब्रोशरमधली प्रत्येक सोय करारनाम्याच्या परिशिष्टात लिहून घ्या. रेरा या बांधकाम प्रकल्पांवरच्या कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सेवांत दोष निघाला, तर बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी द्या.

दुपारची सावली:
एक छोटी भर. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी साठवणं यांतला एक प्रकल्प चालू असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सवलत देते. कोथरूडच्या फ्लॅटचं मिळकतकराचं बिल मागून घ्या, सवलत त्यात दिसेल.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार. रविवारी दोन्हीकडे जाऊन आलो. म्हाळुंग्यात राहत्या इमारतीतल्या एका काकांनी टँकरच्या पावत्यांची फाइलच समोर ठेवली, उन्हाळ्यात रोज चार टँकर. कोथरूडला डिक्लरेशन मिळालं, गच्ची पूर्ण सामाईक आहे. पण बोअरवेल आटलीय आणि गच्चीचं पाणी सरळ गटारात जातं. भिंत रात्री साडेआठला चांगलीच गरम होती. तुळसताई, बोअरवेल पुन्हा जिवंत होईल का?

गच्चीतली तुळस:
आमच्याकडे गच्चीच्या पावसाळी पाइपांना गाळणी लावून पाणी बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडलं, तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू. दुसऱ्या वर्षी बोअर एप्रिलपर्यंत टिकली. प्रत्येक जागेचा खडक वेगळा, म्हणून आधी भूजल जाणणाऱ्या माणसाला दाखवा. पहिल्या पावसाचं पाणी बाहेरच जाऊ द्या, त्यात गच्चीवरची घाण असते. आणि सोळापैकी किती मालक स्वतः तिथे राहतात, ते मोजून इथे कळवा. सोलर असो की पाणी जिरवणं, सह्या मालकांकडूनच घ्यायच्या आहेत.