मदत हवी आहे: लोखंडी पावडरचे बुश इंडक्शनवर सिंटर करताना तडे जातात

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं पावडर मेटलर्जीचं, म्हणजे धातूची पावडर साच्यात दाबून आणि मग तापवून सांधून (सिंटर करून) भाग बनवायचं छोटं युनिट आहे. मिश्रण नेहमीचंच: लोखंड, 2 टक्के तांबं, 0.6 टक्के ग्रॅफाइट, वंगणाला झिंक स्टिअरेट. मोठा लॉट बाहेरच्या मेश बेल्ट भट्टीतून 1120 अंश सेल्सिअसला सिंटर होऊन येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण चार-दोन किलो सॅम्पलसाठी अख्खी भट्टी कोण अडवून देणार? म्हणून नायट्रोजन-हायड्रोजनमध्ये 10 किलोहर्ट्झच्या इंडक्शन सेटवर (कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने पीस तापवणाऱ्या) प्रयोग चालू आहेत.

अडचण अशी की बाहेरची कड लालभडक होते तेव्हा बोअरची (बुशच्या मधल्या भोकाची) बाजू काळीच असते. 770 अंशांच्या आसपास लोखंडाचं चुंबकत्व गेलं की तापायचा वेग मंदावतो, ते समजू शकतो. पण बोअरच्या तोंडाशी केसाएवढे तडे आणि वर बारीक फोड कशाने? क्वार्ट्झच्या नळीला आतून काजळी धरते, त्यावरून वंगण पुरतं बाहेर पडायच्या आत तापमान वर जातंय असा माझा संशय आहे.

सेटवाला म्हणतो फ्रिक्वेन्सी वाढवा. मला पटत नाही. उष्णता आणखीच कडेला अडकेल.

आधी साध्या ओव्हनमध्ये, अर्थात आत संरक्षक गॅस चालू ठेवून, 550-600 अंशांना वंगण काढून मग कॉइलमध्ये घालणारं कुणी आहे का? ग्रॅफाइटचा ससेप्टर (कॉइलमध्ये स्वतः तापून पीसला उष्णता देणारा भाग) लावला तर पीस कार्बन ओढून घेतील का? आणि पायरोमीटरवर (लांबूनच तापमान मोजणाऱ्या यंत्रावर) किती भरवसा ठेवायचा? प्रत्यक्ष केलेल्यांनी जरूर सांगा, फोटो टाकतो.